कॅमेऱ्यात थांबलेला चक

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला लागण्यासाठी १,००० सबस्क्राइबर लागतात, आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ सगळे मिळून ४,००० तास बघितलेले असावे लागतात. मराठीतून लेथकाम शिकवणारं चॅनेल काढायचं माझ्या मनात आहे, म्हणून हा नियम मला ठाऊक होता. पण माझी बायको पतपेढीत कामाला आहे, आणि कुठलाही आकडा तिच्यासमोर आला की ती तो सोडवून ठेवते. जेवणं झाल्यावर तिने वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. "अहो, ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एकेकाने चार-चार मिनिटं बघितलं असं धरलं, तरी ६० हजार वेळा कुणीतरी तुमचा व्हिडिओ लावायला हवा. लेथ बघायला एवढी माणसं येणार कुठून?"

तिला उत्तर हवं होतं, आणि ते मला नीट देता आलं नाही. म्हणून हा लेख.

मी टर्नर आहे. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून टूलने कापायचं मशीन, त्यावर माझं काम. वागळे इस्टेटमधल्या सरकारी आयटीआयमध्ये शिकलो आणि तिथूनच जवळच्या एका गाळ्यात लागलो. आमच्याकडे सुट्टं काम येतं. पंपाचा झिजलेला शाफ्ट, कुणाच्या जुन्या प्रेसचा बुश, जिचा स्पेअर आता बाजारात मिळत नाही अशी पुली. एका नगासाठी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्रॅम करत बसणं कुणाला परवडत नाही, म्हणून माझ्यासारख्यांची गरज अजून आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. ठाण्याचं अर्धं पोट कधीकाळी कारखान्यांवर चालायचं. आजही बसमध्ये बसा, थांब्यांची नावं ऐका: नितीन कंपनी, कॅसल मिल, गोल्डन डाईज. नाव कारखान्याचं, आणि उतरलं की समोर टॉवर. वागळेतसुद्धा एकेक गाळा पडतो आणि काचेची इमारत उभी राहते.

आता आमच्या गाळ्याची पाळी आहे. शेठनी स्वतः बोलावून सांगितलं. जागा द्यायची ठरली आहे, मशीन भिवंडीच्या पलीकडे जातील, "तुझी जागा तिथे आहेच, यायचं की नाही ते तू ठरव." सरळ माणूस आहे. पण ठाण्याहून भिवंडीच्या पलीकडे रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे काय, हे त्या रस्त्याला अडकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलगी बारावीला आहे, घराचा हप्ता चालू आहे. आणि याच वेळी, मराठीतून लेथकाम शिकवणारे व्हिडिओ करायचे आणि पुढे जमलं तर त्यावरच जगायचं, हा खूप दिवस मनात घोळणारा विचार अचानक खरा प्रश्न होऊन समोर बसला.

हा विचार आला कुठून, ते सांगायला हवं. मला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काका मशीनकडे पाठ करून चहा पीत असले तरी ओरडायचे, "टूल गेलं तुझं, काढ बाहेर!" कानाने कळायचं त्यांना. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील काढताना चिप, म्हणजे कापून निघणारी धातूची साल, निळी पडायला लागली की वेग उतरव, नाहीतर धार जळेल, हे त्यांनी मला पुस्तकातून नाही सांगितलं. गरम चिप पक्कडीत धरून डोळ्यांसमोर आणली आणि म्हणाले, "हा रंग लक्षात ठेव." काका निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या हातात जे होतं त्यातलं थोडं माझ्याकडे आलं, थोडं दुसऱ्या दोघातिघांकडे, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. मी तिथे जाणारा माणूस आहे, कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं भरपूर वाचली. पण एखाद्या टर्नरने, फिटरने, मोल्डरने आपलं काम मराठीत लिहून ठेवलंय असं पुस्तक माझ्या हाती लागलं नाही. आमची माणसं लिहीत नाहीत. पण करून दाखवा म्हटलं, तर कुणीही दाखवतील. व्हिडिओ हा म्हणूनच मला आमच्या लोकांसाठी निघालेला कागद वाटतो.

शिवाय बघणारी पोरं आहेत. आमच्याकडे दरवर्षी अप्रेंटिस येतात, मराठवाड्यातून, विदर्भातूनसुद्धा. हुशार असतात, पण सांगतात की आयटीआयमध्ये एका लेथभोवती चार-पाच जण, त्यातून हाताला मशीन किती लागणार? मग ती मोबाइलवर बघतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून खेड्यातल्या पोराच्या खिशातही जगभरची वर्कशॉप आहेत. मी स्वतः शोधतो तेव्हा हिंदीत, इंग्रजीत, तमिळमध्ये पुष्कळ चांगलं सापडतं. मराठीत तुरळक. हिंदी पोरांना समजतं, प्रश्न समजण्याचा नाही. पण "का?" हे माणूस आपल्या भाषेतच विचारतो. आमचा एक अप्रेंटिस दोन महिने गप्प होता. मी मराठीत बोलायला लागल्यावर त्याचे प्रश्न संपेनात.

तर आशा ही. आणि ती लहान नाही माझ्यासाठी.

शंका पहिल्यांदा आली ती कॅमेरा लावल्यावर. शिफ्ट संपली होती. शेठनी परवानगी दिली, मुलीने मोबाइलचा स्टँड लेथच्या समोर बांधला, दिवे लावले. मी थ्री जॉ चकमध्ये, म्हणजे तीन जबड्यांच्या फिरत्या पकडीत, गोल बार बांधला, मशीन साधारण ६०० आरपीएमला टाकलं आणि फेसिंग घेतलं, म्हणजे बारचं टोक सपाट कापलं. मग आम्ही दोघं स्क्रीनवर बघत बसलो. टूल आत सरकतंय, चिप उडतेय, आणि चक जागच्या जागी उभा. तिन्ही जॉ स्पष्ट दिसतायत, हात लावावा इतके शांत. नीट बघितलं तर अगदी सावकाश उलटे सरकल्यासारखे.

कारण साधं आहे, आणि मुलीनेच ते सोडवलं. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला दहा फेरे. मोबाइल सेकंदाला तीस चित्रं घेतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये चक बरोबर एक तृतीयांश फिरतो, आणि जॉ तीनच असल्यामुळे पहिल्याच्या जागी दुसरा येऊन उभा राहतो. कॅमेऱ्याला वाटतं काही हललंच नाही. ६०० च्या थोडं खाली असलं की उलटं फिरल्याचा भास होतो. फोर जॉ चक असता तर हेच ४५० आरपीएमला झालं असतं. भरपूर उजेडात चित्र जितकं स्वच्छ येतं तितका हा भास पक्का. ट्यूबलाइटखाली फिरणारं मशीन थांबल्यासारखं दिसू शकतं हे आम्हाला आयटीआयमध्ये धोका म्हणून शिकवलेलं आहे. तोच धोका मी आता चांगला उजेड पाडून, स्टँड लावून, लोकांच्या घरी पाठवणार होतो.

चकमध्ये बाही अडकली तर लेथ थांबत नाही, माणूस ओढला जातो. म्हणून लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, लांब बाह्या नाहीत, गळ्यात काही नाही, आणि चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. काका पहिला महिनाभर माझ्या डाव्या बाजूला उभे राहायचे. माझा हात चुकीच्या जागी गेला की न बोलता मनगट धरून बाजूला करायचे. व्हिडिओ बघून कुणी पोरगा आपल्या मामाच्या वर्कशॉपमध्ये एकटा लेथ चालू करेल तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला कोण असेल? या प्रश्नाने मला ४,००० तासांपेक्षा जास्त छळलं आहे.

यावर उपाय निघाला. वेग बदलायचा, कॅमेऱ्याचं शटर सावकाश ठेवायचं म्हणजे जॉ पुसट दिसतात, फिरताहेत हे कळतं. आणि चकच्या एका जॉवर पांढरा पट्टा ओढायचा. पट्टा एकच असला की तीन जॉची ही लपाछपी चालत नाही. पण उपाय सापडला तरी शंका गेली नाही. कॅमेरा जे दाखवतो ते कामाच्या बरोबर उलटंही असू शकतं, हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर मी प्रत्येक गोष्ट तपासायला लागलो.

मग आवाजाचं निघालं. मुलीने व्हिडिओ एडिट करून दाखवला, माझं बोलणं अगदी स्वच्छ. तिने अ‍ॅपमध्ये गोंगाट काढायचं बटण दाबलं होतं. आणि त्या बटणाने लेथ काढून टाकला होता. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे कचरा, असं त्या अ‍ॅपला शिकवलेलं आहे. त्यात त्याचा दोष नाही, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा रस्त्यावर ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे आवाज हाच अर्धा धडा. टूल होल्डरच्या बाहेर जास्त काढून बांधलं की ते थरथरतं, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि जॉबवर, म्हणजे कापत असलेल्या तुकड्यावर, बारीक लहरी उमटतात. धार गेली की कटचा आवाज जाड होतो. चांगला कट लागला की एक भरीव, सलग सूर येतो, तो ऐकला की आत बरं वाटतं. मी मुलीला म्हटलं, माझा आवाज कमी आला तरी चालेल, मशीनचा ठेव. ती म्हणाली, "बाबा, मग लोक म्हणतील ऑडिओ खराब आहे." आम्ही शेवटी असं ठरवलं की बोलणं वेगळं रेकॉर्ड करायचं, आणि कट चालू असताना मी गप्प राहायचं. काकाही गप्पच असायचे.

मुलगी या सगळ्यात माझी गुरू आहे. थंबनेल, टायटल, पहिल्या तीस सेकंदांत काय मिळणार ते सांगणं, हे तिला उपजत कळतं. तिने मला दुसऱ्या एका चॅनेलचा रिटेन्शनचा आलेख दाखवला. बघणारे कुठल्या सेकंदाला निघून जातात ते त्यात दिसतं. जिथे माणूस मोजमाप घेत थांबला होता, तिथे रेघ खाली कोसळली होती. आणि आमच्या धंद्यात तर थांबणं आणि मोजणं हेच काम आहे. व्हर्नियर लावा, वाचा, जॉब थंड होऊ द्या, पुन्हा वाचा, कारण गरम जॉब फुगलेला असतो आणि निवल्यावर माप उतरतं. बिअरिंगच्या जागेवर दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक म्हणजे बिअरिंग ठोकून बसवावं लागणं किंवा सैल फिरणं. जो भाग लोक ओलांडून पुढे जातात, त्यासाठीच गिऱ्हाईक मला पैसे देतं.

इथे माझी खरी भीती आहे, आणि ती चॅनेल न चालण्याची नाही. चॅनेल चाललं तर काय होईल, याची आहे. पोट त्यावर आलं, हप्ता त्यातून जायला लागला, की आलेखाची रेघ मला सांगायला लागेल काय दाखवायचं. थंड होण्याची वाट बघणं कापलं जाईल. मग मोजणं कापलं जाईल. मग उरेल लांबलचक कुरळी चिप, चमकणारा जॉब आणि वर संगीत. असे व्हिडिओ मीही बघतो, छान वाटतात. पण ते बघून कुणी टर्नर होत नाही. हात बसायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा कंटाळवाणा भाग जो शिकवत नाही तो शिकवतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं गणित बायकोने पुढेही केलं. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला, शॉर्ट्सच्या वाटणीतले ४५. दर ठरलेला नाही, लिलावाने ठरतो. बघणारा कुठल्या देशातला, विषय कुठला, यावर कमी-जास्त. १०० डॉलर साठेपर्यंत खात्यात काही येत नाही. ५०० सबस्क्राइबरनंतर एक अलीकडची पायरी आहे, पण त्यात बघणाऱ्यांनी स्वखुशीने दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचे नाहीत. कंपन्या फुकट टूल पाठवतात असं मी म्हटल्यावर तिने सांगितलं की जुलै २०२२ पासून अशा भेटींची किंमत वर्षाला २०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस आहे, आणि जाहिरात असेल तर जाहिरात म्हणून सांगावं लागतं. फुकट मिळालेलं इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलता येणारी धार, मी चांगलं म्हणालो आणि ते चांगलं नसलं, तर माझ्या तोंडाला काय किंमत राहील? म्हणून टूल मी विकत घेईन, हे तेव्हाच ठरलं.

आणि नियम आपल्या हातात नसतात. जानेवारी २०१८ पर्यंत यूट्यूबवर एकूण १०,००० व्ह्यूज झाले की जाहिराती चालू व्हायच्या. मग १,००० आणि ४,००० चा नियम आला, आणि ज्यांचे पैसे चालू होते अशा कितीतरी लहान चॅनेलचे ते बंद झाले. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेली माणसं एका रात्रीत रिकाम्या हाताने उभी राहिली. त्यात गावाकडची, शेतातली, वीटभट्टीवरची कितीतरी होती. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. माझं म्हणणं एवढंच की गाळा गेला तर मशीन उचलून भिवंडीला नेता येतं. प्रेक्षक असे उचलून नेता येत नाहीत.

हे सगळं मांडल्यावर घरात दोन आठवडे चर्चा चालली. मेहुणे म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही नाही केलंत तर कोण करणार? बायको शेवटपर्यंत ऐकत होती आणि मग तिने अट घातली, पतपेढीत कर्जदाराला घालतात तशी स्पष्ट. वर्षभर हप्ता पगारातूनच जाईल. चॅनेलमधून जे येईल ते वेगळ्या खात्यात. त्यातून घरखर्चाला एक रुपया घ्यायचा नाही. "म्हणजे तुम्हाला त्या रेघेकडे बघून काही कापावं लागणार नाही," ती म्हणाली. माझ्या मनातली भीती मी तिच्यापुढे कधी इतक्या स्वच्छ शब्दांत मांडली नव्हती. तिने ती हिशेबातून ओळखली.

तर मी भिवंडीला जातोय. शेठना तसं सांगितलं आणि एक मागणंही घातलं: आमचा सगळ्यात जुना लेथ, ज्यावर मी शिकलो, तो नव्या जागेत खिडकीजवळ लावा, आणि शिफ्टनंतर तो मला वापरू द्या. त्याच्या गियरची घरघर आहे, टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडला थोडा बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, आहे. आयटीआयमध्ये पोरांना असेच मशीन मिळतात, म्हणून शिकवायला तोच योग्य. शेठ हो म्हणाले. वर म्हणाले, विजेचं बिल मी बघतो.

पहिला व्हिडिओ फोर जॉ चकमध्ये जॉब सेंटरला बांधायचा. थ्री जॉ आपोआप मध्यावर पकडतो. फोर जॉमध्ये प्रत्येक जॉ स्वतंत्र, त्यामुळे मध्य आपणच शोधायचा. नव्या पोराला इथे घाम फुटतो. गियर न्यूट्रलला, डायलची, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाची, सुई जॉबला टेकवलेली, चक हाताने सावकाश फिरवायचा. सगळ्यात जास्त कुठे, सगळ्यात कमी कुठे ते बघायचं. फरकाच्या निम्मं सरकवायचं: कमी दाखवणाऱ्या बाजूचा जॉ सैल, समोरचा आवळ. पुन्हा फिरवायचं. आधी एक जोडी, मग दुसरी, मग परत पहिली, कारण दुसरी आवळताना पहिली थोडी हलतेच. सुई एका शतांशाच्या आत डुलायला लागेपर्यंत हे चालतं. मला सवयीने पटकन जमतं, पण व्हिडिओत मी आमच्या अप्रेंटिसला करायला लावणार आहे, आणि त्याला जितका वेळ लागेल तितका तो व्हिडिओ लांब असेल. मध्ये काही कापायचं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा असेन, आणि चकच्या एका जॉवर पांढरा पट्टा असेल.

हे वाचणाऱ्यांत कुणी टर्नर असाल तर एक विचारायचं आहे. काका डायल नसताना खडूने सेंटर काढायचे. जॉब हळू फिरवायचा, खडू हात टेकवून स्थिर धरायचा आणि जवळ न्यायचा. बाहेर आलेल्या बाजूला खडू उमटतो, तिथला जॉ आवळायचा. याहून वेगळी काही रीत तुमच्याकडे असेल तर मला कळवा. त्यानंतरचा व्हिडिओ टेपरचा, म्हणजे जॉब निमुळता कापण्याचा, आहे. टेलस्टॉक, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाचा आधार, सरकवून लांब टेपर काढणारा कुणी अजून कामावर असेल तर मला त्यांना भेटायचं आहे. कल्याण, अंबरनाथ, तळोजा, म्हणाल तिथे सुट्टीच्या दिवशी येईन, आणि त्यांची हरकत नसेल तर कॅमेरा घेऊन येईन.